486 चे 61 झाले, मग लस गेली कुठे?

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी 27 वर्षांची स्टाफ नर्स आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात कामाला. नोकरी लागल्यावर हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस घेतले, 0, 1 आणि 6 महिने, अगदी वेळेवर. तिसऱ्या डोसनंतर दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) केला तो 486 आला. त्यानंतर आठ महिन्यांनी, म्हणजे परवा, पदरचे पैसे घालून पुन्हा केला तर 61! मी हिशेब मांडला. आठ महिन्यांत 425 कमी, म्हणजे महिन्याला 53. अजून सव्वा महिना गेला की शून्य.

माझे वडील 58 वर्षांचे, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. त्यांनाही हीच लस दिली, दुप्पट मात्रेनं, चार वेळा. त्यांचा टायटर 74 होता, आता 8 आलाय. डायलिसिसवाले म्हणतात, लगेच बूस्टर घ्या. आणि आमच्या दवाखान्यातले फिजिशियन मला म्हणतात, तुला काही करायची गरज नाही, परत टेस्टही करू नकोस. दोघांचा आकडा उतरला, तर एकाला बूस्टर आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे कसं? आमच्यातली एक मैत्रीण म्हणते, तिन्ही डोस परत घे. दुसरी म्हणते, लसीत दमच नसतो, कोविडच्या वेळी दोन-दोन घेऊनही सगळ्यांना झालाच की. मिस्टर म्हणतात, कंपन्यांचा धंदा आहे.

गेल्या महिन्यात नाइटला सुईला टोपण लावताना बोटाला लागली. कुणाला सांगितलं नाही. पेशंट कोण ते माहीत आहे, पण फाइल बघायचं धाडस झालं नाही. तेव्हापासून झोप नीट नाही. कृपया नाव छापू नका.

– एक सिस्टर


सिस्टर, नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे पानभर आणि सुई शेवटच्या चार ओळींत. माझी उभी हयात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये रिपोर्टांवर सह्या करण्यात गेली, त्यामुळे कोण कुठली टेस्ट कशाच्या धास्तीनं करतंय हे थोडंफार कळतं. पदरचे पैसे घालून टायटर करायला तुम्हाला त्या रात्रीच्या सुईनं पाठवलं. म्हणून आधी सुई, आकडे मागाहून.

तुम्ही टेस्ट केलीत ती ज्याची गरज नव्हती त्याची. रक्त लागलेल्या सुईतून मुख्यतः तीन विषाणूंची भीती असते: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पेशंटला बी असेल आणि टोचलेल्या माणसानं लस घेतलेली नसेल, तर अशा 100 जणांतल्या 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते. सीच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात दोनाहून कमी, एचआयव्हीच्या बाबतीत हजारात साधारण तीन. तिघांत सगळ्यात सहज लागणारा बी, आणि नेमकी त्याच्याविरुद्धच तुमची पूर्ण तयारी आहे. उरलेल्या दोघांवर लस नाही, आणि त्यांची तपासणी तुम्ही केलेलीच नाही.

एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, खरं तर जमलं तर पहिल्या दोन तासांतच. ती वेळ गेली. त्यावरून तुम्हाला बोलणार नाही. सुई लागलेली सिस्टर गप्प बसते, कारण ‘लक्ष कुठं होतं?’ हा पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. हा दोष मी तुमच्या पदरात टाकणार नाही. पण आता एक दिवसही घालवू नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं, तिथं एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. सुई कधी लागली ती तारीख सांगा, पुढच्या तपासण्यांच्या तारखा ते ठरवून देतील. हिपॅटायटिस सीची तपासणीही करून घ्या. मेट्रनना सांगून घटना रजिस्टरमध्ये नोंदवा, म्हणजे पेशंटची फाइल तुम्हाला चोरून बघावी लागणार नाही, ती रीतसर बघितली जाईल. सगळे रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत रक्तदान नको आणि घरी निरोध वापरा. आणि टोपण पुन्हा लावायचं नसतं, सुई थेट हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापणाऱ्या यंत्रात, हे तुम्हाला माहीत आहे. नाइटच्या चौथ्या तासाला हात आपोआप जुन्या सवयीवर जातो, हे मलाही माहीत आहे.

आता तुमचा हिशेब.

महिन्याला 53 प्रमाणे सव्वा महिन्यात शून्य. वजाबाकी-भागाकार चोख आहे, पण तो पोत्यातल्या ज्वारीचा हिशेब झाला. रोज अमुक मापटी काढली की पोतं कधी तळाला जाईल ते सांगता येतं. रक्तातल्या अँटीबॉडी पोत्यात भरून ठेवलेल्या नसतात. टायटरमध्ये आपण ज्या मोजतो त्या मुख्यतः आयजीजी प्रकारच्या असतात, आणि त्यांचं आयुष्य बेताचं असतं: आज शरीरात जितक्या आहेत त्यातल्या निम्म्या साधारण तीन आठवड्यांत मोडीत निघतात. कागद घ्या आणि 486 दर तीन आठवड्यांनी निम्मे करत चला. 243, मग 121, मग 61. पाहा, नऊ आठवड्यांतच तुम्ही 61 वर आलात. तुम्हाला तर आठ महिने झालेत, म्हणजे जवळजवळ 35 आठवडे. अकरा वेळा निम्मं करत गेलात तर पाव युनिटसुद्धा उरत नाही.

म्हणजे दोन महिन्यांच्या रिपोर्टमध्ये जे 486 दिसले, त्यातलं जवळपास काही आता अंगात नाही. ते कधीच संपलं. परवाच्या रक्तात सापडलेले 61 हे त्याचं उरलंसुरलं नव्हे. ते गेल्या काही आठवड्यांत तुमच्या शरीरानं ताजं बनवलेलं आहे. शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा महिने झाले, विषाणूचा तो तुकडा अंगातून कधीच साफ झाला, तरी कुठंतरी एक भट्टी मंद आचेवर चालू आहे. लॅबचा रिपोर्ट एवढंच सांगत नाही म्हणून घोटाळा होतो. तो साठा सांगतो, उत्पादन सांगत नाही.

ही भट्टी कुणाची? तुम्ही कोल्हापूरकडच्या, तर उसाचंच उदाहरण घेऊ. कारखान्याचं धुराडं पेटलं की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडात एका वेळी वीस-पंचवीस कोयते चालतात. हंगाम सरला की टोळ्या आपापल्या गावाला. मे महिन्यात कुणी शहरातला पाहुणा बांधावर उभा राहून म्हणाला, ‘तुमची शेती बंद पडली वाटतं, माणूसच दिसत नाही,’ तर तुम्ही हसाल. सालगडी आहे की, तो रोज पाणी पाजतोय. आणि मुकादमाचा नंबर मोबाइलमध्ये आहे.

दंडात सुई टोचल्यावर लसीतलं प्रथिन काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचतं. हिपॅटायटिस बीच्या लसीत अख्खा विषाणू नसतोच, त्याच्या बाहेरच्या आवरणाचं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून घातलेलं असतं. ते ओळखणाऱ्या मोजक्या बी-पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ग्रंथींत आधीपासून असतात. त्या जाग्या होतात, झपाट्यानं वाढतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी घाऊक अँटीबॉडी ओतणाऱ्या पेशी होतात. ही टोळी. तिचं आयुष्य दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. डोसनंतर एक-दोन महिन्यांत टायटर शिखरावर असतो तो हिच्या जोरावर, आणि पुढच्या काही महिन्यांत तो धाडकन उतरतो तोही ही टोळी उठून गेल्यामुळेच. पहिल्या वर्षातली घसरण म्हणून सगळ्यात तीव्र असते आणि पुढं उतार सपाट होत जातो. तुमच्या 486 आणि 61 च्या मध्ये जे घडलं ते एवढंच.

थोड्या पेशी मात्र ग्रंथींतून निघून हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये मुक्कामाला जातात आणि तिथं वर्षानुवर्षं थोड्या-थोड्या अँटीबॉडी करत राहतात. हे सालगडी. तुमचे 61 त्यांचे. आणि तिसरा गट आहे स्मृतिपेशींचा: त्या अँटीबॉडी करतच नाहीत, म्हणून कुठल्याच टायटरमध्ये दिसत नाहीत. रक्तात आणि ग्रंथींत हिंडत राहतात, ओळखीचा चेहरा दिसला की काही दिवसांत नवी टोळी उभी करतात. मुकादम म्हणजे या. त्यांच्या जोडीला टी-पेशींचीही स्मृती असते, तीही तुमच्या रिपोर्टवर येत नाही.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की रक्तातला आकडा उतरत असताना ग्रंथींच्या आत निवड चालू असते. बी-पेशी आपल्या अँटीबॉडीच्या आराखड्यात बारीक बदल करतात, जिची पकड घट्ट ती टिकते, सैल पकडीची मरते. ही चाळणी आठवडे, कधी महिने चालते. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसमध्ये पाच महिन्यांचं अंतर ठेवलं ते यासाठीच. पहिल्या डोसनंतर चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत फार तर निम्म्यांना संरक्षक पातळी, म्हणजे 10 चा टायटर, गाठता येते, दुसऱ्यानंतर साधारण तीन चतुर्थांशांना, आणि तिसऱ्यानंतर 90 टक्क्यांहून अधिक जणांना. तो तिसरा डोस चाळून निघालेल्या पेशींना गाठतो, म्हणून आकडा एकदम उसळतो. आठवत असेल, मे 2021 मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर एकच चर्चा होती, लस कमी पडतेय म्हणून तारीख लांबवली. कमी तर पडतच होती. पण अंतर वाढवलं की प्रतिसाद चांगला येतो हेही चाचण्यांत आधीच दिसलेलं होतं.

मग 10 चा आकडा कुठून आला, आणि तुमच्या फिजिशियननी ‘परत टेस्ट करू नकोस’ असं का म्हटलं?

या लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं की शेवटच्या डोसनंतर ज्यांचा टायटर दर मिलिलिटरला 10 मिली-इंटरनॅशनल युनिटच्या वर गेला, ते आजारापासून वाचले. म्हणून तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी एकदा तपासायचं आणि 10 ओलांडले का बघायचं. ती परीक्षा एकदाच असते. शरीराला हा विषाणू शिकता आला का, एवढंच ती विचारते, आणि तुम्ही 486 नं पास झालात. पुढं 61, 30, अगदी 6 झाले तरी शिकलेलं पुसलं जात नाही. 1981 साली अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये ही लस दिली गेली आणि त्या लोकांचा पाठपुरावा संशोधकांनी दशकानुदशकं सोडला नाही. 30 वर्षांनी त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांचा टायटर 10 च्या वर होता. जे खाली गेले होते त्यांना एकच डोस दिला, तर त्यांतल्या बहुतेकांचा आकडा काही आठवड्यांतच पुन्हा चढला. नव्यानं शिकणारं शरीर एका डोसवर इतक्या लवकर एवढं उत्तर देत नाही.

हे सगळं चालतं कारण हिपॅटायटिस बी हा आळशी विषाणू आहे. शिरकाव झाल्यापासून आजार दिसायला त्याला 45 ते 180 दिवस लागतात. स्मृतिपेशींना जागं होऊन फौज उभी करायला आठवडाभर पुरे. तो यकृतात बस्तान बसवायच्या आत यांची तयारी झालेली असते. आकडा टिकला की नाही यापेक्षा शर्यत कुणाची कुणाशी आहे ते बघायचं असतं.

तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचं उत्तरही यातच आहे. कोविडचा विषाणू नाका-घशात दोन-चार दिवसांत काम उरकतो, ओमिक्रॉन तर फारच घाईचा. स्मृतिपेशी उठून डोळे चोळेपर्यंत सर्दी-ताप सुरू झालेला असतो. तिथं लागणच टाळायची तर अँटीबॉडी आधीपासून, पुरेशा, आणि शक्यतो नाकाच्या अस्तरातच हव्यात. दंडातल्या लसीनं तिथं त्या फार काळ टिकत नाहीत, वर विषाणूही रूप बदलत राहिला. म्हणून डोसनंतर काही महिन्यांत लागण होण्यापासूनचं संरक्षण लक्षात येण्याइतकं उतरलं. पण फुप्फुसांपर्यंत पोचून माणूस ऑक्सिजनवर जायला त्या आजारालाही आठवडाभर लागायचा, आणि तेवढ्या वेळात स्मृतिपेशी आणि टी-पेशी मैदानात उतरलेल्या असायच्या. त्यामुळे गंभीर आजारापासूनचं संरक्षण कितीतरी जास्त टिकलं. मैत्रिणीला विचारा, जानेवारी 2022 च्या लाटेत तिच्या ओळखीतले किती जण पॉझिटिव्ह आले आणि त्यातल्या कितींना बेड शोधावा लागला. मग एप्रिल 2021 आठवायला सांगा. ओमिक्रॉन मुळातही जरा सौम्य होता, सगळं श्रेय लसीला देऊ नये, पण बरंचसं आहे.

माझ्यासारख्या साठीच्या पुढच्यांचं शरीर मुळात हळू शिकतं आणि लवकर विसरतं. म्हणून 10 जानेवारी 2022 ला कोविडचा प्रिकॉशन (तिसरा) डोस सुरू झाला तेव्हा पहिला नंबर आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांचा लागला, दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी. रक्तदाबाच्या गोळीच्या जोरावर मीही त्या रांगेत उभी होते.

त्या दिवसांत लोक अँटीबॉडीचे रिपोर्ट घेऊन लॅबच्या खिडकीवर यायचे. ‘250 पेक्षा जास्त’ असं छापून आलं की पेढे, आणि शेजाऱ्याचे 1800 आले की खट्टू. दोन वेगळ्या कंपन्यांचे किट, दोन वेगळी मापं, आणि कोविडसाठी इतक्याच्या वर सुरक्षित असा सर्वमान्य आकडा नव्हताच. एका काकांनी त्यांचा रिपोर्ट चक्क लॅमिनेट करून आणला होता. हिपॅटायटिस बीचं तसं नाही, इथं 10 ला अर्थ आहे, पण 61 आणि 75 या दोन आकड्यांत अर्थ शोधू नका. एकच रक्त दोन मशीनवर लावलं तरी तेवढा फरक पडू शकतो.

आता वडील. इथं मी बाजू बदलते, कारण त्यांच्या बाबतीत डायलिसिसवाल्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्रतिकारशक्तीच्या पेशीही मंदावतात, मधुमेह असेल तर आणखीच. म्हणूनच त्यांना दुप्पट मात्रा आणि चार डोस दिले, तरी शिखर 74 च. सालगडी कमी राहिले आणि मुकादमही भरवशाचा नाही. डायलिसिसच्या रुग्णांत असं घडलेलं आहे की लसीनं आकडा वर गेला होता, नंतर तो 10 च्या खाली आला आणि मग त्यांना लागण झाली. तुमच्या शरीराबद्दल मी म्हणाले की शिकलेलं पुसलं जात नाही, ते त्यांच्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय ते आठवड्यातून दोन-तीनदा अशा खोलीत बसतात जिथं रक्त सतत शरीराबाहेर फिरत असतं, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहतो. त्यांना लागण झाली तर ती बहुधा गुपचूप होईल, कावीळ दिसणार नाही, आणि मग कायमची मुक्कामाला राहील. म्हणून त्यांचा टायटर दर वर्षी बघायचा आणि 10 च्या खाली गेला की डोस द्यायचा. अर्थ आकड्याला माणसागणिक येतो: तुमच्या बाबतीत 8 आले असते तर मी पान उलटलं असतं, त्यांच्या 8 वर मी डोस लिहून दिला असता.

त्यांच्या डोसच्या वेळी दोन गोष्टी तुम्ही स्वतः सांभाळा. इंजेक्शन दंडातच, फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताच्या. कमरेत देऊ देऊ नका; तिथल्या चरबीत ही लस अडकते आणि प्रतिसाद कमी येतो, हे जुनं निरीक्षण आहे. दुसरी गोष्ट माझ्या लॅबमधली. डायलिसिस युनिट ठरावीक काळानं सगळ्यांची एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीच्या लागणीची टेस्ट करतं आणि जो पॉझिटिव्ह येईल त्याला वेगळ्या मशीनवर टाकतं. लसीत असतं तेच प्रथिन ही टेस्ट शोधते. त्यामुळे डोसनंतर लगेच रक्त गेलं तर लसच पॉझिटिव्ह दिसू शकते, दोन-अडीच आठवड्यांपर्यंतसुद्धा. एका गृहस्थांच्या घरी असा रिपोर्ट पोचून रडारड झालेली मी पाहिली आहे, आणि डोसची तारीख कुणी विचारलीच नव्हती. तेव्हा तपासणी आधी, डोस नंतर. किंवा मध्ये महिनाभर जाऊ द्या. बूस्टरनंतर टायटर मात्र एक-दोन महिन्यांनी नक्की बघा.

तिन्ही डोस परत घे म्हणणाऱ्या मैत्रिणीला तिचा स्वतःचा टायटर कधी केला ते विचारा. बहुतेकींनी लस घेतलेली असते आणि शिखराच्या वेळची टेस्ट केलेलीच नसते. पाच-सात वर्षांनी करतात, 4 येतात, आणि मग शरीर शिकलंच नव्हतं की शिकून आकडा उतरला हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी एक डोस घ्यायचा आणि एक-दोन महिन्यांनी तपासायचं. स्मृती असेल तर आकडा वर येतो, विषय संपला. नाही आला तर उरलेले दोन घ्यायचे. तिन्ही डोस डोळे झाकून परत घ्यायची वेळ क्वचितच येते.

मिस्टरांच्या धंद्याच्या मुद्द्यात मी फार शिरत नाही, कंपन्या धर्मादाय नसतात हे खरंच आहे. पण त्यांना पीतज्वराच्या लसीची गोष्ट सांगा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचं तर ही लस लागते, आणि तिचं प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षांपुरतंच चालायचं, मग परत इंजेक्शन. एका डोसची प्रतिकारशक्ती आयुष्यभर पुरते असा पुरावा साठला, तेव्हा जुलै 2016 पासून तेच प्रमाणपत्र आजन्म धरलं जाऊ लागलं. दर दहा वर्षांचं गिऱ्हाईक एका नियमानं गेलं. तुम्हाला फुकट आणि सुईविना सल्ला दिला तो त्या फिजिशियननी, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

एक सावधगिरी तेवढी सांगते, कारण हे वाचून कुणीतरी भलताच निष्कर्ष काढेल. स्मृती आहे म्हणून बूस्टर नको, हा नियम सगळ्या विषाणूंना लागू नाही. रेबीजची लस आधी पूर्ण घेतलेल्या माणसालाही कुत्रं चावलं तर त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोन डोस घ्यावेच लागतात. तिथं चूक झाली तर दुसरी संधी नसते, म्हणून मुकादमाला आपण होऊन फोन करायचा, त्याला जाग येण्याची वाट बघायची नाही. फ्लूची लस दर वर्षी, कारण विषाणू वेष बदलतो आणि संरक्षणही काही महिन्यांतच उतरतं.

आणि तुमच्यासाठी शेवटचं काम. 486 चा तो जुना रिपोर्ट शोधा. लॅबचा कागद थर्मल असेल तर शाई उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, त्यावर तिन्ही डोसांच्या तारखा लिहा आणि एक प्रत मेट्रनकडे द्या. पुढं कधी सुई लागली तर हिपॅटायटिस बीसाठी एवढा कागद पुरतो, नोकरी बदलली तरी पुरतो. परवाचा 61 चा रिपोर्ट पाठकोरा असेल. त्याच्यावर वडिलांच्या बूस्टरची आणि पुढच्या टायटरची तारीख टाकून तो फ्रिजवर लावा. पण उद्या सकाळी आधी आयसीटीसी.